चाळ रिकामी होताना

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या, पहाटे सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांसाठी हा हक्काचा दिवस होता. चाळ गेली म्हणून हळहळायचा अधिकार त्यात न राहिलेल्या कुणालाही नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. चाळीतल्या आपुलकीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथल्या चौथ्या महिन्यातल्या गरोदर बाईला जिने चढताना पाहिलेलं नसतं.

पण घर बदलताना माळा रिकामा होतो आणि माळ्यावर काय काय असतं! गिरणीचं तिकीट, म्हणजे कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. ८२च्या गिरणी संपाच्या काळातलं रेशनकार्ड. गावकीच्या मंडळाची हिशेबाची वही. भजनी मंडळाचा फोटो, ज्यातल्या निम्म्या चेहऱ्यांची नावं आता एकाच म्हातारीला ठाऊक असतात. ट्रकमध्ये जागा नसते म्हणून यातलं बरंचसं भंगारात जातं, आणि ज्या म्हातारीला नावं ठाऊक असतात तिला त्या धामधुमीत कुणी काही विचारत नाही. हे दिसत होतं म्हणून आम्ही काही जण सुट्टीच्या दुपारी रेकॉर्डर घेऊन खोल्याखोल्यांतून जाऊ लागलो. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, बँकेतला एक कारकून, चाळीतच वाढलेली कॉलेजची दोन मुलं आणि मी. पगार नाही, पदही नाही. जाण्याआधी फोन करायचा, जेवणाची वेळ टाळायची आणि चहाला नाही म्हणायचं नाही, एवढेच नियम.

या चाळी मुळात सरकारी. मुंबईत घरांची भयंकर टंचाई होती, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खातं निघालं. त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ. सुरुवातीला कामगार तिथे राहायला येईनात, इतक्या त्या कोंदट होत्या. १९३०च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंगच केला. ज्या खोलीत सत्याग्रही कोंडले होते त्याच खोलीत पुढे साताऱ्याहून, रत्नागिरीहून आलेल्या कुटुंबांनी चुली मांडल्या. एवढं सगळं सरकारी कागदांत मिळतं. त्या खोलीत दहा माणसं झोपायची कशी, कुणाचं डोकं कुठे आणि कुणाचे पाय कुठे, रातपाळीहून आलेला माणूस दिवसा कुठे आडवा व्हायचा, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

वि. का. राजवाड्यांची पायपीट आपल्याला शाळेपासून माहीत असते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या तळघरांतले आणि माळ्यांवरचे रुमाल सोडवून त्यांनी कागद गोळा केले; वाईला सापडलेल्या पत्रांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. सरकारी आश्रयावाचून केलेलं एवढं काम महाराष्ट्रात दुसरं क्वचितच असेल. पण रुमाल असायला घरी दप्तर लागतं, दप्तर असायला वतन किंवा कारकुनी लागते. साचे चालवणाऱ्या माणसाच्या घरी दप्तर कुठून येणार? त्याचं साधन म्हणजे तो स्वतः. आणि ते साधन वाळवी लागायची वाट पाहत नाही, एखाद्या पावसाळ्यात न्यूमोनियाने जातं. म्हणून राजवाड्यांची निकड मला आज चाळीच्या बोळात अधिक जाणवते.

सुरुवातीला अडचण येते ती प्रश्नाची. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की समोरचं माणूस आखडतं. आमचं काय आयुष्य, तुम्ही कुणीतरी मोठा माणूस गाठा, असं बहुतेक बायका म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पुरुषांचं वेगळं. त्यांच्याकडे युनियनच्या सभांमधून घोटून तयार झालेलं भाषण असतं. डांगे, संयुक्त महाराष्ट्र, दत्ता सामंत असं ते रुळावरून धावतं आणि वीस मिनिटांत संपतं. त्यात ते स्वतः कुठेच नसतात. मग शाळेच्या बाईंनी एक साधा मार्ग धरला. मोठं काही विचारायचंच नाही. पहिल्या दिवशी कामावर गेलात तेव्हा पायांत काय होतं? डबा कुणी बांधला? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? पायांत काय होतं, या प्रश्नावर एक आजोबा इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं ऐकू आलं नाही. मग ते सांगू लागले: थोरल्या भावाच्या चपला होत्या, भाऊ रातपाळीला आणि ते दिवसपाळीला, म्हणून जोड एकच पुरायचा. तिथून पुढे दोन तास आम्हाला काही विचारावं लागलं नाही.

गिरणीतल्या वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात काम केलेल्या एका आजींकडे मी गेले, तो दिवस जरा सविस्तर सांगते. वय ऐंशीच्या पुढे, मूळ गाव पाटण तालुक्यातलं. खोलीत सून, नातू, त्याचा मोबाइल, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. पंखा बंद केला तर घाम आणि चालू ठेवला तर घरघर; आम्ही पंखा बंद केला. रेकॉर्डर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, म्हणजे स्टुलाचा कंप आत जात नाही. आजी सासूच्या हाताखाली काम शिकलेल्या. सासूबाई त्याच खात्यात होत्या, आणि त्यांच्या वेळी अंगावरच्या पोराला बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी, देऊन झोपवून बायका कामाला यायच्या, हे त्यांनी सुनेला सांगितलेलं. आजींच्या वेळेपर्यंत कायद्याने गिरणीत पाळणाघर आलं होतं. त्या सांगत होत्या की पाळणाघराची बाई पोराला पाजायला बोलवायची तेव्हा नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, घड्याळ बघत उभी राहायची.

मग त्यांनी धागा तुटला की गाठ कशी मारायची ते दाखवायला सुरुवात केली. आधी मोकळ्याच हातांनी. मग ते पटेना, म्हणून पदराच्या कडेचा सुटलेला एक दोरा ओढला, दातांनी तोडला, दोन टोकं घेतली. डावा अंगठा, तर्जनी, उजव्या हाताने एक वेढा, ओढ, झालं. मी म्हटलं, पुन्हा दाखवा. पुन्हा तेच, तेवढ्याच वेगात. सावकाश करून दाखवायला त्यांना येईना, सावकाश केलं की हात विसरत होता. डाव्या तर्जनीच्या कडेला एक बारीक चर पडलेला आहे, वर्षानुवर्षं धागा फिरल्याचा. रेकॉर्डरला हे दिसत नाही. अशा वेळी मोठ्याने बोलायचं असतं: ‘आजी डाव्या हाताचं बोट दाखवताहेत, नखाच्या खाली आडवा चर आहे.’ पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल त्याला बोट कुठलं ते कळलं पाहिजे. सुनेने तो चर तोवर पाहिलाच नव्हता. ती उठून जवळ आली आणि तिने सासूचा हात हातात घेतला.

वाइंडिंग-रीलिंगमधल्या बायकांची गोष्ट मुंबईच्या इतिहासात फार थोडी आली आहे. १९२०च्या दशकात गिरण्यांत जवळपास पाच कामगारांत एक बाई होती. पुढे रात्रीच्या कामाची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा कायदा आल्यावर मालकांनी बायका घेणंच टाळणं, यंत्रांची फेररचना, अशा कारणांनी त्यांची संख्या घटत गेली, आणि ८२च्या संपापर्यंत ती नगण्य झाली होती. त्यामुळे संपाच्या फोटोंत बाई दिसते ती मोर्चातली बायको म्हणून. तीच एकेकाळी पगाराच्या रांगेत होती हे आजींसारख्यांनी सांगितलं नाही तर कुणाला कळणार? खानावळवाल्या बायकांचंही तसंच. गावाहून एकटे आलेले गडी ज्यांच्या हातचं जेवून जगले, त्या बायकांनी १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं म्हणून त्यांचं नाव तरी राहिलं. संपाच्या काळात उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांच्या वह्या कुठे गेल्या, हे मी ज्या घरी जाते तिथे विचारते.

गिरणगावाने स्वतःच्या तोंडाने बोलावं, हे काम आमच्याआधी मोठ्या ताकदीने झालेलं आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगार, कार्यकर्ते, कलाकार, दुकानदार यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००४ साली काढलं; ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने ते मराठीतही आलं. त्या दोघी अभ्यासक होत्या आणि गिरणी कामगारांच्या लढ्यातही होत्या, म्हणून दारं उघडली. पुस्तकात विरोधी झेंड्यांची माणसं शेजारीशेजारी बोलतात आणि लेखिका कुणाचंही बोलणं मध्येच तोडत नाहीत. आमच्या गटातल्या प्रत्येकाने ते वाचून मगच रेकॉर्डर हातात घ्यावा, असा आग्रह मी धरला. पण एक पुस्तक आणि त्यातल्या मुलाखती म्हणजे अडीच लाख कामगारांचा आवाज नव्हे, हे त्या लेखिकाही मान्य करतील. उरलेलं काम शेजाऱ्यांनीच करायला हवं.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला तो संप औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही, हे सर्वांना माहीत आहे. गंमत वाटावी अशी एक गोष्ट मुलाखतींतून पुढे आली. गंमत म्हणते खरी, पण ती दुखरी आहे. बरेच जण ठामपणे सांगतात की आमची गिरणी ८२ला बंद पडली. कागद पाहिले तर ती गिरणी पुढे कित्येक वर्षं कमी कामगारांवर चालू होती. आमच्यातला बँकेतला गडी हिशेबी, त्याला हे खटकायचं. मग मी त्याला इटलीतल्या तेर्नी गावची गोष्ट सांगितली. तिथे लुईजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या हातून मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने वीस-तीस वर्षांनी गावकऱ्यांना विचारलं, तर अनेकांनी तो १९५३ साली, कारखान्यातून हजारो लोक काढले तेव्हाच्या दंगलीत मेला, असं सांगितलं. सगळं गाव चुकतं कसं? पोर्तेल्लीने चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. गावाला जो अपमान सर्वांत जास्त लागला, त्या दिवसापाशी गावाने आपला हुतात्मा नेऊन ठेवला, असं त्याने दाखवलं. आमच्या आजोबांची गिरणी ८२ला बंद पडली ती अशी. त्यांच्यासाठी भोंगा त्या सालीच थांबला. आम्ही त्यांचं साल तसंच ठेवतो आणि टिपणात कंपनीचं साल लिहितो. दोन्ही हवीत.

सगळ्या आठवणी मात्र अशा सोप्या नसतात. ५ जानेवारी १९७४ला वरळीच्या आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा झाली, मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार घालण्याचं आवाहन झालं आणि त्या रात्रीपासून बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. दंगलीची चौकशी न्यायमूर्ती भस्मे आयोगाने केली. बोळाच्या या टोकाला राहणाऱ्यांची आठवण वेगळी आणि त्या टोकाची वेगळी. कुठल्या गच्चीवरून दगड आले, पोलीस कुणाच्या दाराशी थांबले आणि कुणाच्या नाही, यावर आजही एकमत नाही. इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट दिसली: कोण विचारतं यावर काय सांगितलं जातं हे ठरतं. आमच्यातली एक मुलगी बौद्ध कुटुंबातली, एक मुलगा साताऱ्याकडच्या मराठा कुटुंबातला, दोघं एकाच इमारतीतले. ती गेली की लोक एक सांगतात, तो गेला की दुसरं. मी गेले की सभ्यपणे, काही झालंच नव्हतं असं सांगतात. मग आम्ही एकाच माणसाकडे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या जणांनी जायचं ठरवलं. तिसऱ्या भेटीत कुणी कुणाला दार उघडून आत घेतलं, तेही निघालं. आयोगाच्या अहवालात अशा दारांची नोंद होत नसते.

कोण विचारतं याचं महत्त्व कळायला आधीच्या दोन कामांनी मला फार मदत केली. पहिलं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’. १९८९ साली आलेल्या या पुस्तकासाठी दोघी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत हिंडल्या. २० जुलै १९४२च्या नागपूरच्या महिला परिषदेला पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या, असं सांगतात; त्यांतल्या किती जणींची नावं कुठल्या ग्रंथात होती? पवार-मून यांनी ती नावं उभी केली, त्यांच्या तोंडून चळवळ ऐकली. दोघीही त्याच चळवळीतल्या. त्यांना समोरच्या बाईचं दारिद्र्य समजावून घ्यावं लागलं नाही, म्हणून त्या थेट कामाचं विचारू शकल्या.

दुसरं, जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पोइटव्हाँ हे १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात, मुळशीकडच्या गावांत, गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करत होते. सभेत तोंड न उघडणाऱ्या बायका ओवी म्हणू लागल्या की सगळं सांगतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी अनेक ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं आणि २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या एकेक करून ऐकायला मिळू लागल्या. या कामाचा कणा होत्या गावातल्याच बायका आणि कार्यकर्ते. गाणाऱ्याही त्याच आणि टिपून घेणाऱ्याही त्यांच्यातल्याच. राम-सीता आहेत, माहेर आहे, नवऱ्याचा मार आहे, आणि माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत. जातं थांबून चक्की आली नसती तर कदाचित हे गोळा करायची घाई कुणाला वाटली नसती. पिठाच्या गिरणीने ओवी थांबवली आणि कापडाच्या गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर आम्ही उठलो. जरा उशिराच, पण उठलो.

ध्वनिमुद्रण करून घरी नेणं हा कामाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे ऐकून लिहून काढणं. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. त्यात एक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे भाषा नीट करण्याचा. ‘आमी व्हतो’ला ‘आम्ही होतो’ केलं की माणूस कागदावरून उठून जातो. मालवणी, चिपळूणकडची, माणदेशी, सगळ्या बोली चाळीत एकमेकींत मिसळल्या आहेत. जशी ऐकू येते तशी उतरवायची, आणि अडलेला शब्द त्याच माणसाला पुन्हा जाऊन विचारायचा. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. नाव, वय, गाव, खातं, तारीख बोलण्याच्या सुरुवातीलाच आवाजात टिपायची, म्हणजे फाइलचं नाव बदललं तरी ओळख हरवत नाही.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानाचं. वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायचं आणि तेही मुद्रित करायचं. सही नंतर घ्यायची, बोलणं झाल्यावर, कारण आधी घेतलेली सही कशाला दिली हे कुणालाच ठाऊक नसतं. संपानंतर कुणाचा मुलगा टोळीत गेला, कुणी मंगळसूत्र मोडलं, कुणी फॅनला लटकलेला सापडला, हे लोक सांगतात आणि मग दुसऱ्या दिवशी सून फोन करते की ते काढून टाका. काढायचं. वाद घालायचा नाही, अभ्यासाच्या दृष्टीने किती मोलाचं आहे ते समजवायचं नाही. बाईने दिलेलं तिला परत मागता आलं नाही तर ते तिने दिलं असं म्हणताच येत नाही. याविषयी गटात दोन मतं होती. माझं हे आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आणि परत द्यायचंच असतं. प्रत्येक घरी पेनड्राइव्ह, आणि टंकलेल्या मजकुराची मोठ्या टाइपातली प्रत. आपला आवाज ऐकताना पहिल्यांदा सगळे हसतात. नंतर दुरुस्त्या सांगू लागतात, आणि त्या दुरुस्त्यांत नवीच गोष्ट निघते, म्हणून रेकॉर्डर तेव्हाही चालू ठेवायचा. चपलांच्या जोडाचं सांगणाऱ्या आजोबांनी प्रत वाचून एवढंच सुचवलं की भावाचं नाव घाला, तो कुठेच कुणाच्या कागदावर नाही.

आता गटापुढे मोठं काम वरळीबाहेरचं आहे. गिरणगावाची अर्धी आठवण मुंबईत उरलेलीच नाही. संप लांबला तशी कितीतरी कुटुंबं गावी गेली ती परत आली नाहीत. संगमेश्वर, पाटण, जावळी, खेड, प्रत्येक तालुक्यात ‘गिरणीत व्हतो’ असं म्हणणारे पंच्याहत्तरीच्या पुढचे पुरुष शेताच्या बांधावर भेटतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांवर अर्ज आले. ज्यांना सोडतीत घर लागलं त्यांतली काही कुटुंबं पनवेलजवळच्या कोन गावी राहायला गेली, शेलू आणि वांगणीची नावंही आता यादीत आली आहेत. तिथे कामगाराच्या जागी अनेकदा त्याची विधवा असते. तिला गिरणीचं काही माहीत नाही असं धरून कुणी तिच्याकडे जात नाही. वास्तविक पाळीच्या वेळा, पगाराची तारीख, सावकाराचं व्याज, गेटवर बदली कामगार म्हणून उभं राहून परत आल्यावर नवऱ्याचा चेहरा, हे तिच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही. पाटणच्या आजींनी आपल्या माहेरच्या गावातल्या चार जणींची नावं दिली आहेत. दोघींची मुलं फोन उचलतात. दिवाळीची रांगोळी, फराळ उरकला की आमच्यातली ती मुलगी आणि शाळेच्या बाई एसटीने तिकडे जाणार आहेत, आणि त्या गावच्या हायस्कुलातल्या दोन मुलींना रेकॉर्डर वापरायला शिकवून, तो तिथेच ठेवून येणार आहेत.